चुंचीची फेरी कोणी मोजेना

खूप खूप दिवस झाले. कोल्हापूरच्या बाजूला, उसाच्या फडाला लागून एक मैदान होतं. मैदानात वळणावळणाचा रस्ता. रस्त्यावर शर्यतीच्या चिमुकल्या गाड्या. दार नाही, टप नाही. नुसती चार चाकं आणि एक सीट. रविवार उजाडला की घुर्र घुर्र, घुर्र घुर्र! पेट्रोलचा वास, भाजलेल्या शेंगांचा वास आणि तोंडभर धूळ. काय दिवस होते ते! अजून आठवले की बसल्या जागी हात गोल गोल फिरायला लागतात.

सगळ्यात छोटी गाडी होती चुंचीची. चुंची कोण? एक चिचुंद्री. लांबुडकं नाक, इवले इवले डोळे आणि सदा घाई. तिची गाडी चहाच्या डब्याची. चाकं बाटलीच्या बुचांची. ती करून दिली रसूलचाचांनी. रसूलचाचा म्हणजे मैदानावरचे मिस्त्री. हात काळे, दाढी पांढरी आणि जीव मऊ मऊ.

प्रत्येक गाडीच्या सीटमागं एक डबी असायची. मोजणीची डबी. गाडीनं पांढरी रेघ ओलांडली की डबी म्हणायची, "टिंग!" लगेच मोठ्या फळ्यावर फेरी उमटायची. त्याआधी लोक बोटांवर फेऱ्या मोजायचे. माझ्या सहा, तुझ्या पाच, की लागली भांडणं! म्हणून मग नियमच झाला. डबी नाही, तर फेरी नाही.

त्या रविवारी रसूलचाचा मिरजेला निघाले होते. लेकीकडे राहायला. कायमचे. चार वाजताची एसटी होती. चुंची अजून कधी शर्यतीत धावलीच नव्हती. वर्षभर नुसती शिकत होती. तिला वाटायचं, चाचांनी जाण्याआधी आपली फेरी फळ्यावर बघावी. एकच फेरी. बस्स!

चुंची गाडीत बसली. टुर्र टुर्र, टुर्र टुर्र! वाटेत आला खड्डा. गचक! डबीची पिन निसटली. टण्ण! डबी खाली पडली. धप्प! चुंचीनं पांढरी रेघ ओलांडली. पण टिंग झालंच नाही. फळा कोराच्या कोरा.

चुंची उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु, डबीकडे गेली. डबी धुळीत पडून हिरवा डोळा मिचकवत होती.

"डबीबाई, डबीबाई, सीटमागं बस ना!"

डबी म्हणाली, "कशी बसू? पिन नाही तर मी पडते. आधी पिन आण, मग मी बसते."

पिन कुठं होती? झेंड्याच्या काठीवर बसला होता कावळा. त्याच्या चोचीत चमचम, चमचम! चुंची गेली तुरुतुरु, तुरुतुरु.

"कावळेदादा, कावळेदादा, पिन दे ना!

डबी सीटमागं बसेना,
चुंचीची फेरी कोणी मोजेना!"

कावळ्यानं पिन पायाखाली दाबली. म्हणाला, "काव काव! फुकट नाही हं द्यायची. पोटात कावळे ओरडतायत माझ्या. आधी भाकरी आण, मग मी पिन देतो."

(कावळ्याच्या पोटात कावळे! पण चुंचीला हसायला वेळ कुठं होता?)

भाकरी कुणाकडे? आक्काताईंकडे. मैदानाच्या कडेला त्यांची चूल होती. सगळे गाडीवाले तिथंच जेवायचे. त्या भाकरीची चव आता कुठं मिळायची! चुंची गेली तुरुतुरु, तुरुतुरु.

"आक्काताई, आक्काताई, भाकरी भाज ना!

कावळा पिन सोडेना,
डबी सीटमागं बसेना,
चुंचीची फेरी कोणी मोजेना!"

आक्काताई फुंकणी आपटून म्हणाल्या, "कशी भाजू गं चुंचे? वारं बघ केवढं सुटलंय! चूल सारखी विझतीया. आधी आडोशाला कायतरी आण, मग मी भाकरी भाजते."

आडोशाला काय आणायचं? पिंपाशेजारी एक भलंमोठं जुनं चाक आडवं पडलं होतं. चुंची गेली तुरुतुरु, तुरुतुरु.

"चाकोबा, चाकोबा, चुलीपाशी चल ना!

आक्का भाकरी भाजेना,
कावळा पिन सोडेना,
डबी सीटमागं बसेना,
चुंचीची फेरी कोणी मोजेना!"

चाक म्हणालं, "फुस्स! माझ्यात हवाच नाही. गडगडू कसं? आधी हवा भरून आण, मग मी येतो."

हवा का भरून आणता येते? पण चाकाला कोण सांगणार! चुंची गेली पंपाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. पंप भिंतीला टेकून उभा होता. उंच, बारीक आणि तिरसट.

"पंपमामा, पंपमामा, हवा भर ना!

चाक काही गडगडेना,
आक्का भाकरी भाजेना,
कावळा पिन सोडेना,
डबी सीटमागं बसेना,
चुंचीची फेरी कोणी मोजेना!"

पंप म्हणाला, "चर्र चर्र! ऐकलंस? घसा कोरडा पडलाय माझा. दांडा वर होत नाही, खाली होत नाही. आधी तेल आण, मग मी हवा भरतो."

लांबून एसटीचा आवाज आला की काय? चुंचीनं कान टवकारले. नाही नाही, ती उसाची बैलगाडी होती. चुंची गेली फळीवरच्या तेलाच्या बुधलीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बुधलीताई, बुधलीताई, तेल दे ना!

पंप हवा भरेना,
चाक काही गडगडेना,
आक्का भाकरी भाजेना,
कावळा पिन सोडेना,
डबी सीटमागं बसेना,
चुंचीची फेरी कोणी मोजेना!"

बुधली म्हणाली, "डुबुक डुबुक! तेल आहे पोटभर. पण झाकण बसलंय घट्ट. ते काही तुझ्या हातानं फिरायचं नाही. आधी पकड आण, मग मी तेल देते."

पकड फक्त रसूलचाचांकडे. चुंची थबकली. चाचांना आज त्रास द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण आता दुसरं कोण होतं?

चाचा फाटकापाशी दगडावर बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा. पायाशी गाठोडं. सगळी अवजारं गाठोड्यात. चुंची गेली. या वेळी हळूहळू. तुरु... तुरु... तुरु...

"चाचा, चाचा, पकड काढा ना!

बुधली तेल देईना,
पंप हवा भरेना,
चाक काही गडगडेना,
आक्का भाकरी भाजेना,
कावळा पिन सोडेना,
डबी सीटमागं बसेना,
चुंचीची फेरी कोणी मोजेना!"

चाचा कधी कुणाला नाही म्हणायचे नाहीत. पण त्या दिवशी म्हणाले.

"नको गं बेटा. गाठोडं सोडायला नको. लई घट्ट गाठ मारलीया मी. ती सुटली, पाना-पकड हातात आली, की माझा पायच निघायचा न्हाई बघ इथनं."

चुंचीनं गाठीकडे बघितलं. मग तिनं नाक वर केलं.

"चाचा, मी नाही तुम्हाला अडवणार. तुम्ही जा मिरजेला. पण माझी एक फेरी बघून जा. वर्षभर शिकवलंत ना? मग बघायला नको?"

चाचांनी दाढी खाजवली. फाटकाकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. मग पायानं गाठोडं पुढं सरकवलं. हळूच.

"सुटत असली तर सोड," ते म्हणाले.

गाठ कसली सुटते! चुंचीनं ओढली, ताणली, हिसकली. मग काय केलं तिनं? लावले दात. कुर्रुम कुर्रुम, कुर्रुम कुर्रुम! तट्! दोरी तुटली. गाठोडं उघडलं. वरच पकड!

मग काय विचारता!

चाचांनी पकड घेतली. झाकण फिरलं, कर्रक!
बुधलीनं तेल दिलं, डुबुक डुबुक!
पंपानं हवा भरली, फुस फुस, फुस फुस!
चाक फुगलं, उठलं, निघालं, गडगड गडगड!
चुलीला आडोसा झाला. जाळ पेटला, धडधड धडधड!
आक्काताईंनी भाकरी भाजली, थपक थपक!
कावळ्यानं भाकरी घेतली, गट्टम्!
आणि पायाखालची पिन खाली पडली, टण्ण!

चुंचीनं पिन उचलली. डबी उचलली. चाचांच्या हातात द्यायला गेली. चाचांनी हात मागं घेतले.

"तू लाव. उद्या मी कुठं असणार?"

चुंचीनं डबी सीटमागं धरली. घाईघाईनं पिन घालणार, तोच चाचा खाकरले.

"अं हं! आडवी धरलीस. आडवी डबी मुकी. उभी धर. जमिनीजवळ. रेघेखाली तार पुरलीया, तिला ऐकू जायला हवं."

चुंचीनं डबी उभी केली. खाली सरकवली. पिन घातली. खट्!

"पों पों! पों पों!" फाटकाशी चारची एसटी आली. कंडक्टर दारातून ओरडला, "चाचा, चला की लवकर!"

चाचा मागं न बघताच म्हणाले, "थांब रं लेकरा, एक फेरी!"

"कसली फेरी?" म्हणत कंडक्टर खाली उतरला. त्याच्या मागं ड्रायव्हर उतरला. सगळी माणसं खिडक्यांतून बाहेर वाकली. एवढीशी गाडी बघून कुणी हसलं. पण आक्काताईंनी डोळे वटारले, तसे हसणारे चूप झाले.

चुंची गाडीत बसली. टुर्र टुर्र, टुर्र टुर्र! पहिलं वळण. टुर्र टुर्र! दुसरं वळण. टुर्र टुर्र! खड्डा आला. चुंची बाजूनं गेली. शेवटचं वळण. चाचा उभे राहिले. समोर पांढरी रेघ. टुर्र टुर्र, टुर्र टुर्र...

"टिंग!"

सगळ्यांनी फळ्याकडे बघितलं. फळ्यावर अक्षरं उमटली. चुंची. फेरी एक.

आक्काताई नाचल्या. कंडक्टरनं शिट्टी फुंकली, फुर्रर्र! कावळा तर झेंड्याची काठी सोडून थेट फळ्यावर जाऊन बसला. जणू फेरी त्यानंच मारली होती!

चाचांनी मात्र चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. फळा पुन्हा वाचला. "चुंची. फेरी एक," ते मोठ्यानं म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. आनंदानंसुद्धा रडू येतं बरं का. मोठ्यांनासुद्धा.

दोरी तर तुटली होती. मग आक्काताईंनी भाकरीचं फडकं दिलं. त्यात चाचांनी अवजारं पुन्हा बांधली. गाठ मारली. पण या वेळी गाठ सैल मारली. सहज सुटेल अशी.

चाचा एसटीत चढले. खिडकीत बसले. काळा काळा हात बाहेर काढला. चुंची खिडकीखाली मागच्या दोन पायांवर उभी राहिली.

चाचा म्हणाले, "बरं बेटा, जातो मी."

चुंचीनं नाक वर केलं. "चाचा! घरातनं निघताना जातो म्हणायचं नसतं."

चाचा हसले. कितीतरी दिवसांनी तसे हसले. मग खिडकीतून वाकून म्हणाले,

"येतो."

एसटी गेली मिरजेला,
गोष्ट राहिली उशाला.