बेडकुलीचं डबकं आणि हावरी टाकी

बसलात का सगळे? मांडी घाला. अंगठा तोंडातून काढा. हं, आता ऐका.

एक होती बेडकुली. नखाएवढी. घराच्या मागच्या दारी होतं अळू. अळवाखाली होतं डबकं. डबकं बशीएवढं, पण बेडकुलीला पुरे. नळाखाली कुणी पाय धुतले, की पाणी अळवाला जायचं आणि डबकं भरायचं. बेडकुली त्यात डुंबायची. डुबुक. डुबुक.

एके दिवशी दुपारी बेडकुलीने उडी मारली. डुबुक झालंच नाही. थप्प झालं. डबक्यात पाणीच नाही, नुसती माती. अळवाच्या पानांनी माना टाकल्या. बेडकुलीची पाठ सुकायला लागली. पाठ सुकली की बेडकुलीला जीव धरवत नाही. तिला रडूच आलं.

पण रडत बसेल ती बेडकुली कसली? निघाली. टुण टुण टुण.

नळाकडे गेली.
"डबकं माझं भरेना.
नळोबा, नळोबा, पाणी द्या."
नळ म्हणाला, "फुस्स. माझ्याकडे कुठलं पाणी? मोठ्या टाकीने सोडलं, तर मी देईन."

टुण टुण टुण. पाइपावरून वर, छपरावर. तिथे होती मोठी टाकी.
"नळ पाणी देईना,
डबकं माझं भरेना.
मोठ्या टाकीबाई, पाणी सोडा."
मोठी टाकी म्हणाली, "ढण्ण. सकाळी मी भरलेली, दुपारी मी कोरडी. संडासातली छोटी टाकी सगळं पिऊन टाकते. ती कमी प्यायली, तर मी सोडीन."

टुण टुण टुण. संडासाच्या खिडकीतून आत. भिंतीवर होती छोटी टाकी. पांढरी, गुबगुबीत.
"मोठी टाकी पाणी सोडेना,
नळ पाणी देईना,
डबकं माझं भरेना.
छोट्या टाकीबाई, कमी प्या."
छोटी टाकी म्हणाली, "गुटुक गुटुक. कशी कमी पिऊ? केवढं हे माझं पोट. घरातल्या छोट्या रेणूची शू एवढीशी, आणि मी ओतते बदाबदा. माझ्या पोटात कुणी येऊन बसलं, तर मी कमी पिईन."
"मी बसू?" बेडकुली म्हणाली.
"तू? अगं, तू वाहूनच जाशील."

टुण टुण टुण. स्वयंपाकघरात. ओट्याखाली होती कोकम सरबताची बाटली. रिकामी.
"छोटी टाकी कमी पिईना,
मोठी टाकी पाणी सोडेना,
नळ पाणी देईना,
डबकं माझं भरेना.
बाटलीताई, टाकीत बस."
बाटली म्हणाली, "बसते की." गेली आणि टाकीत शिरली. पण कसली बसते. डुगू डुगू डुगू. तरंगायलाच लागली. "मी रिकामी ना, म्हणून वर येते. पोटात खडे पडले, तर मी बसेन."

खडे कुठे होते? रेणूच्या खिशात. आणि रेणू कुठे होती? संडासाच्या दारात. टुण टुण टुण. बेडकुली खिशाशी गेली.
"बाटली टाकीत बसेना,
छोटी टाकी कमी पिईना,
मोठी टाकी पाणी सोडेना,
नळ पाणी देईना,
डबकं माझं भरेना.
खड्यांनो, बाटलीत जा."
खडे म्हणाले, "खुळखुळ. आम्ही रेणूचे. रेणूने दिलं, तर आम्ही जाऊ."

बेडकुलीने वर बघितलं. रेणू पायावर पाय ठेवून उभी होती.
"खडे बाटलीत जाईनात,
बाटली टाकीत बसेना,
छोटी टाकी कमी पिईना,
मोठी टाकी पाणी सोडेना,
नळ पाणी देईना,
डबकं माझं भरेना.
रेणूताई, खडे दे."
रेणू म्हणाली, "मला शू आली आहे. पण छोटी टाकी ओरडते. घूंऽऽऽ धडाड. मला भीती वाटते. माझ्याबरोबर कुणी आत आलं, तर मी खडे देईन."

आता आली का पंचाईत? बेडकुलीलाही त्या आवाजाची भीती. वाहून गेले तर? तिने मागे बघितलं, पुढे बघितलं. विचारायला आता कुणी उरलंच नव्हतं.

"मी येते," बेडकुली म्हणाली.
"तू? एवढीशी?"
"एवढीशी आहे. पण येते."
आणि टुण्ण. बसली रेणूच्या खांद्यावर.

मग काय! बाटली टाकीतून बाहेर आली. रेणूने खिसा उलटा केला.
खडे बाटलीत गेले. टप टप खळ्ळ.
आई आली. "ही कोण गं पाहुणी?" म्हणाली. तिने कळशीतलं पाणी बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं.
बाटली टाकीत बसली. एका कडेला, गप्प.
रेणूने शू केली. खटका दाबला. डोळे मिटले. बेडकुलीनेही मिटले.

भुस्स.

एवढंच? हो, एवढंच. रेणूने एक डोळा उघडला. बेडकुलीने एक डोळा उघडला. दोघी हसायला लागल्या.
"परत दाबू?" रेणू म्हणाली.
"नको," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी छोटी टाकी कमी प्यायली. "भरलं बाई पोट," म्हणाली.
दुपार झाली, तरी मोठी टाकी भरलेली. तिने पाणी सोडलं.
नळाने पाणी दिलं.
रेणूने पाय धुतले, चांगले चोळून चोळून. पाणी गेलं अळवाला. अळवाच्या पानांनी माना वर काढल्या.
डबकं भरलं. काठोकाठ.

बेडकुलीने उडी मारली.

डुबुक.

मग ती अळवाच्या पानावर चढली. गळा फुगवून गायली,
"खडे बाटलीत गेले,
बाटली टाकीत बसली,
छोटी टाकी कमी प्यायली,
मोठ्या टाकीने पाणी सोडलं,
नळाने पाणी दिलं,
डबकं माझं भरलं.
डराँव डराँव डराँव!"

नखाएवढी बेडकुली, पण आवाज गेला पार वेशीपर्यंत.

झाली गोष्ट. आता कुणाला शू आली असेल, तर जाऊन या. भिऊ नका. नुसतं भुस्स होतं.