कासारणीनं टाकलेली दश्शी

खूप मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हाच्या राजाचं नावही कुणाला आठवत नाही. एवढं मात्र आठवतं, की त्याला भांडणं ऐकायचा भारी कंटाळा होता. एकाच गोष्टीवर चारजण हक्क सांगत आले, की तो जांभई देऊन म्हणायचा, "कवड्या मांडा." डाव जिंकेल त्याचा हक्क. तुम्ही म्हणाल, हा काय न्याय झाला? मलाही तसंच वाटतं. पण राजा तो होता, आपण नव्हतो.

त्या वर्षी भांडण होतं डोंगरापलीकडच्या रानाचं. सरदाराला ते शिकारीसाठी हवं होतं. पैलवानाला आखाड्यासाठी तिथला साग हवा होता. आणखी नऊजणांना आणखी काय काय हवं होतं. आणि कासारआळीला हवं होतं जळण.

कासारआळीत अकरा घरं होती आणि अकरा घरांत मिळून बांगड्यांची एकच भट्टी. काचेच्या भट्टीचं असं असतं, की ती विझली तर तडकते आणि तडकली तर पुन्हा उभी करायला अर्धं आयुष्य जातं. आळीत आठ दिवसांचं लाकूड उरलं होतं. त्यानंतर भट्टी थंड, आणि अकरा घरं गाव सोडून वाट फुटेल तिकडे.

आळीनं डावाला पाठवलं धुरपा कासारणीला. बाई पटावर बसलेली पाहून लोक फिदीफिदी हसले. धुरपानं पदर खोचला, मांडी घातली आणि म्हणाली, "हसून झालं असेल तर वाटा पानं."

डाव सोपा होता. बाराजण, प्रत्येकाकडे दहा कवड्या. दर खेपेला प्रत्येकानं एक कवडी मधे टाकायची आणि एक पान उचलायचं, दुसऱ्याला न दाखवता. एक्का सगळ्यांत लहान, मग चढत चढत दश्शी, तिच्यावर वजीर आणि सगळ्यांवर राजा. ज्याला धमक असेल त्यानं आपल्या सगळ्या कवड्या पुढे सारायच्या आणि म्हणायचं, "समूळ!" मग बाकीच्यांनी एकतर "झेललं!" म्हणायचं, नाहीतर पान पालथं घालून मधली एक कवडी सोडून द्यायची. झेलणाऱ्याकडे असतील तेवढ्या कवड्या पणाला लागत. मोठं पान जिंकणार, आणि कवड्या संपल्या तो घरी जाणार. शेवटी उरेल त्याला रान कायमचं. त्याच्या अगदी आधी बाहेर पडेल, म्हणजे दुसरा येईल, त्याला वर्षभराचं जळण. बाकीच्यांनी ताक प्यायचं आणि वाटेला लागायचं.

आता सरदाराची खोड ऐका. त्यानं शेजारी चांदीचं ताट ठेवलं होतं आणि ताटात दोन हिरव्या बांगड्या. तो "समूळ!" म्हणे, आणि कुणी पान पालथं घातलं की ताट खणखण वाजवून त्याच्यापुढे धरी. "घ्या, भरा बांगड्या!"

झालं! मिशा असलेल्या माणसाला हे कसं सोसावं? हातात तिर्री असली तरी छाती फुगवून म्हणायचे, "झेललं!" आणि जायचे घरी. एक गेला, दोन गेले, दुपारपर्यंत नऊजण ताक पीत बसले होते. उरले तिघं. सरदारापुढे ब्याण्णव कवड्यांचा ढीग, धुरपाकडे बावीस आणि पैलवानाकडे सहा.

पानं वाटली. धुरपानं पान उचलून पाहिलं. दश्शी!

सरदारानं आपलं पान नीट पाहिलंही नाही. "समूळ!"

पैलवानानं दात खाऊन पान पालथं घातलं. ताट वाजलं, त्याचे कान लाल झाले. मग सगळे धुरपाकडे वळले. तिची सासू तिच्या मागेच बसली होती आणि तिला पान दिसत होतं. म्हातारी कुजबुजली, "झेल की गं! बघतेस काय?"

धुरपानं पैलवानाकडे पाहिलं. त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या. तिनं आपल्या कवड्यांकडे पाहिलं. आणि हळूच पान पालथं घातलं.

सरदार खदखदून हसला आणि त्यानं आपलं पान सगळ्यांना दाखवलं. पंजी होती!

"अगं कैदाशिणे!" सासूनं कपाळ बडवलं. "जिंकली होतीस ना! अकरा घरांनी तुझ्यावर भरवसा टाकला आणि तू हातातली दश्शी टाकलीस?"

सरदारानं ताट धुरपापुढे धरलं. "भरा बांगड्या, बाईसाहेब!"

धुरपानं एक बांगडी उचलली, उजेडात धरली, नखानं वाजवून पाहिली. "आमच्याच भट्टीची आहे, सरदार. चांगली निघालीय. पण माझ्या हातात आधीच डझनभर आहेत, अजून कुठं बसवू?"

लोक हसले, आणि या खेपेला धुरपाला हसले नाहीत. सरदाराचं तोंड उतरलं.

पुढची पानं आली. सरदार पुन्हा गरजला, "समूळ!" धुरपानं पान पालथं घातलं. सरदारानं ताटाला नुसता हात लावला, तेवढ्यात पैलवान ओरडला, "झेललं! काय व्हायचं ते होऊ दे!" त्याच्याकडे निघाली दुर्री. सरदाराकडे सत्ती. पैलवान मांडी थोपटत बसला होता तो मान खाली घालून उठला.

धुरपानं मोठा श्वास सोडला. मग सासूकडे वळून म्हणाली, "आत्याबाई, वर्षाचं जळण आलं. आता भट्टी विझत नाही."

 म्हातारीनं हळूच विचारलं, "म्हणजे तू त्याची वाट बघत होतीस?"

"त्याचे कान बघत होते. ताट आणखी एकदा वाजलं की तो झेलणार, हे दिसत होतं. दश्शी मोठी खरी, पण बारातून दोनदा ती मार खाते. दोनदा म्हणजे अकरा घरं. माणूस आपल्या पायानं बाहेर जायला निघालाय, तर मी कशाला भट्टी पणाला लावू?"

आता दोघंच राहिले. सरदारापुढे शंभर कवड्या, धुरपापुढे वीस. सरदार प्रत्येक पानाला "समूळ!" म्हणू लागला. धुरपानं एकदा पान पालथं घातलं, दोनदा घातलं, तीनदा घातलं. चौथ्यांदा तिच्या हातात सत्ती आली.

"समूळ!" सरदार म्हणाला.

"झेललं," धुरपा म्हणाली.

सासू किंचाळलीच. "दश्शी टाकतेस आणि सत्तीला झेलतेस? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"आहे, आत्याबाई. तेव्हा हरले असते तर भट्टी गेली असती. आता हरले तरी वर्षाचं लाकूड घरात आहे. आणि हे तर एक्क्यालासुद्धा समूळ म्हणतायत. अशा माणसापुढे सत्ती पुष्कळ झाली."

सरदारानं पान टाकलं. चव्वी! धुरपाच्या कवड्या दुप्पट झाल्या. कासारआळीच्या बायका भिंतीकडेला बसल्या होत्या त्या उठून पुढे आल्या.

सरदार चिडला, आणि चिडलेला माणूस कसा खेळतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तो आणखी जोरात ओरडू लागला. धुरपानं चार वेळा निमूट पान खाली ठेवलं. पाचव्या वेळी तिच्याकडे वजीर आला. "झेललं!" सरदाराकडे नव्वी निघाली. आता मोजल्या तर इकडे साठ, तिकडे साठ.

 राजाची जांभईसुद्धा अर्ध्यात राहिली.

पानं वाटली. धुरपानं पान पाहिलं, पटावर पालथं ठेवलं, आणि दिवसभरात पहिल्यांदाच दोन्ही हातांनी सगळ्या कवड्या पुढे सारल्या.

"समूळ."

सरदारानं आपलं पान पाहिलं. पंजी. त्याला काय करायचं होतं? पान पालथं घालायचं. जाऊन जाऊन एक कवडी गेली असती, एकोणसाठ तशाच राहिल्या असत्या. लहान पोरालाही कळेल. त्याचा हात पान पालथं घालायला निघालाही होता.

तेवढ्यात मागून आवाज आला, खळ्ळ! कासारआळीतल्या एका बाईनं हात वर करून बांगड्या वाजवल्या होत्या. मग दुसरीनं वाजवल्या, मग तिसरीनं. बघता बघता आळीतल्या सगळ्या बायका हात वर करून उभ्या राहिल्या आणि खळखळाटानं सगळा दरबार भरून गेला. ताकवाले नऊजण तर टाळ्या पिटायला लागले. पैलवान हसत ओरडला, "भरा सरदार, भरा बांगड्या!"

सरदाराचा हात थांबला. कान लाल झाले. मिशी थरथरली.

"झेललं!" तो ओरडला.

धुरपानं पान उलटलं. राजा!

मग काय विचारता! बायकांनी धुरपाला उचलूनच घेतलं. सासू रडत होती, हसत होती आणि जो भेटेल त्याला सांगत होती, "माझी सून आहे हो! तरी मी म्हणतच होते, दश्शी टाक म्हणून!" रान कासारआळीचं झालं, कायमचं. पैलवानाला धुरपानं आखाड्यापुरता साग नेऊ दिला. बिचारा उगाच रिकाम्या हातानं बसला होता.

जाताना ती सरदारापाशी थांबली. तो खाली मान घालून बसला होता. तिनं ताटातल्या दोन बांगड्या उचलून त्याच्या हातात ठेवल्या. "या घरी वहिनीसाहेबांना द्या. बांगड्या भरलेले हातच दिवसभर भट्टीपुढे राबतात, सरदार. त्या हातांना भिऊन साठ कवड्या घालवल्यात तुम्ही."

ती भट्टी त्यानंतर कधी विझली नाही. आणि त्या राज्यात बोलण्याची रीतच उलटली. कुणी डिवचलं तरी न चिडता शहाणपणानं मागे सरणाऱ्याला लोक कौतुकानं म्हणू लागले, "यानं बांगड्या भरल्यात हो!" आणि पुरुषही मिशीला पीळ देऊन म्हणू लागले, "भरल्यात तर!"

तात्पर्य: कुणी आव्हान दिलं, तर आधी हरल्यावर काय जाईल ते पाहावं, मग हातातलं पान पाहावं, आणि लोक काय म्हणतील ते पाहूच नये.