उत्तियाचा रांजण

पूर्वी शूर्पारक नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व निळीत कापड रंगवणाऱ्या निळाऱ्याच्या घरी थोरला मुलगा होऊन जन्माला आला. धाकट्या भावाचे नाव उत्तिय. बापाने मरताना दोघांना निळीचा एकेक रांजण दिला.

निळारी नीळ जिवंत मानत. तिला रोज पहाटे ढवळायचे, गूळ भरवायचा. उपाशी राहिली की ती मरते. एकाच्या रांजणात दुसऱ्याने हात घालायचा नाही, असा त्यांचा कुळाचार होता. मालकाने 'हा आता तुझा' असे तोंडाने म्हटले, तरच रांजण दुसऱ्याचा होई.

उत्तियाचा हात भावापेक्षाही चांगला. रांजणातून हिरवट निघालेले कापड वाऱ्यावर निळे होताना पाहत बसला की तो जेवण विसरे. पण पंगतीत त्याच्या निळ्या हातांची थट्टा होई, आणि ती त्याला लागे. राजाने त्याने रंगवलेले उत्तरीय पाहून त्याला वस्त्रकोठाराचा अधिकारी केले, तेव्हा तो लगेच निघाला.

बोधिसत्त्व म्हणाला, "जायचं तर जा. पण मग रांजण मला दे."

"दादा, तो माझा आहे. मी रोज पहाटे येऊन जाईन."

काही दिवस तो आलाही. पुढे कोठाराच्या किल्ल्या, मग सण, मग राजाचे पाहुणे. बोधिसत्त्व बोलवायला गेला की 'उद्या येतो' असा निरोप मिळे. मानाची चटक वाईट. तिच्यापायी माणूस स्वतःच्या घरी पाहुणा होतो. इकडे बोधिसत्त्व हातात गूळ घेऊन भावाच्या रांजणापाशी उभा राही. झाकण काढावे असे त्याला फार वाटे. पण न दिलेले घ्यायचे नाही, हे त्याचे व्रत होते. एका पहाटे रांजणातून कुजका वास आला, आणि तो तिथेच बसून रडला.

उत्तिय परतला तेव्हा त्याचे केस पिकले होते आणि हात गोरे झाले होते. इतकी वर्षे दुसऱ्यांनी रंगवलेली कापडे घड्या करून ठेवण्यात गेली, आणि एकही दिवस आपला वाटला नाही, असे तो म्हणाला. मग त्याने झाकण काढले. आत बापाची नीळ मेलेली होती.

बोधिसत्त्वाने दोष दिला नाही. दुधाला विरजण लावावे तसे त्याने आपल्या रांजणातले लोटाभर पाणी नव्या रांजणात ओतले आणि म्हणाला, "हा आता तुझा."

नीळ जगली. उत्तिय पुन्हा जेवण विसरू लागला. पण गेलेली वर्षे कुठून आणायची? मनगटापर्यंत हात निळे होतात न होतात, तोच त्याचे दिवस भरले. जाताना तो एवढेच म्हणाला, "दादा, मला न्हाऊ घालशील तेव्हा हात घासू नकोस."

ही कथा सांगून भगवान शास्ता सोमिल नावाच्या भिक्षूकडे वळले. श्रामणेरांना, म्हणजे शिकाऊ बालभिक्षूंना, गाथा शिकवण्यात तो रमत असे. पण मान मिळतो म्हणून विहाराच्या बांधकामावर देखरेख करायला गेला होता, आणि आता उदास होता. शास्ता म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे तुला हे पद देणारा उपासक धनिय. थोरला निळारी मीच होतो. आणि उत्तिय तू होतास, सोमिला. मन लावून, आनंदाने केलेला उद्योग, हीच वीर्यपारमिता. श्रामणेर अजून तुझी वाट पाहत बसतात. तुझी नीळ अजून जिवंत आहे."