टिचकी आणि बर्फाची सोंड

एक होती उंदरी. नाव तिचं टिचकी. टिचकी खेकडेकाकांकडे कामाला लागली. कसलं काम? बर्फातून प्राणी कोरायचं काम!

हत्तीदादाचं लग्न होतं. मांडवात हवा होता बर्फाचा हत्ती. खाली ठेवली भली मोठी परात. परातीत ठेवला भला मोठा बर्फ.

काका म्हणाले, "कोर बरं, टिचके! छान कोरलंस, तर तुला तुझी छिन्नी देईन. अगदी तुझ्या मापाची!"

काकांची छिन्नी टिचकीपेक्षा मोठी. तरी तिनं उचलली. ठुक ठुक! पाय झाले. ठुक ठुक! कान झाले. ठुक ठुक! सोंड झाली.

"आता पुरे," काका म्हणाले.

"एकच ठोका!" टिचकी म्हणाली.

ठण्ण! सोंड पडली. तिचा झाला चुरा.

"गेली माझी छिन्नी!" टिचकी रडायला लागली.

"रडतेस काय? बर्फ आण, पळ! बर्फ कोणासाठी थांबत नाही!"

तुरुतुरु तुरुतुरु. टिचकी गेली अस्वलमामांकडे.

"मामा मामा, बर्फ द्या!
बर्फ मिळाला की सोंड लागेल!"

मामा म्हणाले, "माझी करवत बोथट. आधी धार, मग बर्फ."

इकडे मांडवात टप टप टप. हत्ती झाला वासराएवढा.

तुरुतुरु तुरुतुरु. टिचकी गेली सुतारपक्ष्याकडे.

"दादा दादा, धार दे!
करवत चालली की बर्फ मिळेल,
बर्फ मिळाला की सोंड लागेल!"

सुतारपक्षी म्हणाला, "माझं धारेचं चाक अडलंय. कुईं कुईं! आधी तेल, मग धार."

इकडे मांडवात टप टप टप. हत्ती झाला बकरीएवढा.

तुरुतुरु तुरुतुरु. टिचकी गेली तेलाच्या घाण्यावर, बैलोबाकडे.

"बैलोबा बैलोबा, तेल दे!
चाक फिरलं की करवत चालेल,
करवत चालली की बर्फ मिळेल,
बर्फ मिळाला की सोंड लागेल!"

बैल म्हणाला, "पोटात कावळे ओरडतायत. घाणा कसा ओढू? आधी गवत, मग तेल."

इकडे मांडवात टप टप टप. हत्ती झाला मांजराएवढा.

तुरुतुरु तुरुतुरु. टिचकी गेली गवताकडे.

"गवतबाई गवतबाई, पाती दे!
बैल चरला की तेल गळेल,
तेल गळलं की चाक फिरेल,
चाक फिरलं की करवत चालेल,
करवत चालली की बर्फ मिळेल,
बर्फ मिळाला की सोंड लागेल!"

गवत म्हणालं, "मी सुकले गं बाई. आधी पाणी, मग पाती."

आता पाणी कुठलं आणायचं? विहीर आटलेली. ओढा आटलेला. टिचकी मटकन खाली बसली. डोळ्यांतून पाणी आलं. टप टप टप.

टप टप टप? अरेच्चा!

टिचकी उठली. तुरुतुरु मांडवात पळाली. हत्तीखालची परात काठोकाठ भरली होती! वर बघायला वेळ कुठे होता? तिनं लोटा भरला आणि धूम ठोकली.

पाणी मिळालं, गवत डुललं.
गवत डुललं, बैल चरला.
बैल चरला, तेल गळलं.
तेल गळलं, चाक फिरलं.
चाक फिरलं, करवत चालली.
खर्र खर्र! बर्फ मिळाला!

टिचकी मांडवात आली. तिनं सोंड कोरली. हळू, अगदी हळू. मग वर बघितलं.

अगं बाई! हत्ती झाला होता लाडवाएवढा!

लाडवाएवढा हत्ती, काकडीएवढी सोंड. पुढे लावली, तर हत्ती नाकावर आपटला. धप्प! टिचकीनं हत्ती उचलला. पाणी लावून सोंड मागे चिकटवली.

झाली शेपूट! आणि हत्तीचा झाला उंदीर!

"अगं, मी हत्ती सांगितला होता!" काका ओरडले.

तेवढ्यात नवरदेव आला. धम धम धम! त्यानं बर्फाकडे बघितलं. टिचकीनं डोळे गच्च मिटले.

"फुर्रर्र!" हत्तीदादा हसला. "मांडवात हत्तीच हत्ती! उंदीर मात्र एकच. मला हाच हवा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका आले तिरके तिरके. "घे बाई तुझी छिन्नी!"

इवलीशी छिन्नी. अगदी टिचकीच्या मापाची!

जेवणं झाली. बर्फाचा उंदीर वितळला. टप टप टप.

टिचकीची छिन्नी मात्र वितळली नाही.