चौकातली दाई

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या बंदरात ती घडली त्याचं नाव आता खलाशांनाही सांगता येत नाही.

त्या परक्या मुलखातल्या बंदरात जैबूनबी नावाची एक दाई राहायची. नवऱ्याबरोबर गलबतातून आली होती. नवरा तापाने गेला, ती तिथेच राहिली. साऱ्या नगरात मुसलमान अशी ती एकटीच. पण हाताला गुण असा, की कुणी अडली की लोक म्हणत, "जैबूनबीला बोलवा." वीस वर्षांत निम्मं नगर तिच्या हातांवर जन्मलं.

एके दिवशी बातमी आली. दूरच्या समुद्रात चाच्यांनी जहाज लुटलं, माणसं कापली. चाचे मुसलमान होते. नगरप्रमुखाने जैबूनबीला चौकात बोलावलं.

"दाई, राग मानू नका," तो गोड आवाजात म्हणाला. "तुमचा धर्म असतो तरी कसा, ते आम्हाला समजून घ्यायचंय."

जैबूनबीला उलट बरंच वाटलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. डोक्यावरची ओढणी सारखी करून ती मन लावून बोलली.

"आम्ही सलाम करतो, म्हणजे तुम्हाला शांती लाभो असं म्हणतो. रोजे धरतो, ते भरल्या पोटाला भुकेची ओळख राहावी म्हणून. कमाईतला एक वाटा गरिबाचा असतो. तो दिला म्हणून उपकार केले, असं म्हणायचं नाही. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणारा आमच्यातला नव्हे. आणि एका निरपराध्याला मारलं तर साऱ्या माणसांना मारलं, असं आम्ही मानतो. त्या चाच्यांना अल्लापुढे जाब द्यावाच लागेल."

लोकांनी माना डोलावल्या. त्या संध्याकाळी जैबूनबीने शेवया केल्या आणि आळीभर वाटल्या.

सहा महिन्यांनी कुठल्याशा वाळवंटात एका सुलतानाने गाव जाळलं. पुन्हा चौक, पुन्हा तोच प्रश्न. पुढे कधी दरोडा, कधी बंड. प्रत्येक वेळी जैबूनबी उभी राहायची आणि तेच सांगायची. ज्यांची नाळ तिने कापली होती, ती पोरं मोठी होऊन आता पुढच्या रांगेत हाताची घडी घालून उभी असायची.

एकदा तिला राहवलं नाही. "गेल्या साली तुमच्या सेनापतीने नदीपलीकडची गावं बुडवली. तेव्हा मी तुमच्यापैकी कुणाला काही विचारलं का?"

"ते वेगळं," कुणीतरी म्हणालं. त्या दिवसापासून तिच्या सलामाला उत्तर देणारे कमी झाले.

मग एका नावाड्याची बायको अडली. मूल आडवं आलं होतं. जैबूनबी सकाळपासून तेल लावून, हलक्या हाताने ते फिरवत होती. निम्मं वळलं असेल, तोच दारात शिपाई आला.

"नवी बातमी आलीय. चौकात लोक जमलेत. चला."

"थोडं थांबा, बाबा. मूल वळतंय. आता हात काढला तर दोघं जातील."

शिपाई निरोप घेऊन गेला. चौकात पोचेपर्यंत त्या निरोपाचं झालं, 'दाई यायला तयार नाही.' लोक खवळले. चौघांनी येऊन तिला दंडाला धरून नेलं. नावाडी हात जोडत मागे धावला.

"माझ्या हाताचं तेल अजून वाळलं नाही," ती म्हणाली. "मला जाऊ द्या. मग हवं तितकं विचारा."

"आधी खुलासा," नगरप्रमुख म्हणाला.

तिने भराभर सगळं सांगितलं. सलाम, रोजे, गरिबाचा वाटा, शेजारी.

"आज मनापासून बोलली नाही," मागून एक जण म्हणाला. "पुन्हा सांगायला लावा."

तिने पुन्हा सांगितलं.

ती सुटून धावत परत गेली, तेव्हा घरात आवाज नव्हता. तिने त्या बाईचे डोळे मिटले. न रडलेलं मूल आपल्या ओढणीत गुंडाळून आईच्या कुशीत ठेवलं. मागोमाग नावाडी आला आणि उंबऱ्यावरच बसला.

"तुम्ही का उठलात तिच्यापासून?" त्याने विचारलं. तिला नेलेलं त्याने स्वतः पाहिलं होतं, तरी विचारलं.

जैबूनबीने हाताचं तेल पुसलं आणि त्याच्या बाजूने बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी मिळेल त्या गलबतात ती चढली. धक्क्यावर कुणी आलं नाही. पुढच्या वर्षभरात त्या नगरात अकरा बायका बाळंतपणात गेल्या. दूरदूरच्या बातम्या येतच राहिल्या, चौक भरतच राहिला. ज्याला विचारावं असं मात्र आता कुणी उरलं नव्हतं, आणि वाचवणारंही.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका: ज्याची करणी रोज डोळ्यांपुढे असते, त्याच्याकडेच जो खुलासा मागत राहतो, त्याला जगातला कुठलाच खुलासा पुरत नाही.