केसाची गाठ

एका राज्यात न्यायनिवाडा राजा करत नसे. सिंहासनाच्या पाठीवर एक म्हातारी साळुंकी बसे, ती करी. आणि तिच्या शब्दापुढे राजाही मान तुकवी.

त्या साळुंकीपुढे एके दिवशी मंजुळा उभी राहिली. समोर येसू कोष्टीण होती आणि तिचं बोट धरून सोनबा. मंजुळेनं जन्म दिलेला, येसूनं दत्तक घेतलेला.

"मूल माझं. मला परत द्यावं," मंजुळा म्हणाली.

मुळात दिलं का, ते ती बोलली नाही. कोणत्या तोंडानं बोलणार? तिला एका जादूगाराच्या महालात नवा संसार थाटायचा होता आणि तिथं पहिल्या नवऱ्याचं पोर चालणार नव्हतं. आता जादूगार दुसरीवर भाळला होता, महाल हवेत विरला होता, तेव्हा कुठं बाईंना पोर आठवलं.

साळुंकीनं तीन कसोट्या घातल्या. पहिली, पडद्याआडच्या पोरांतून सोनबाचं हसणं ओळखायचं. दोघींनी ओळखलं, ते हुबेहूब त्याच्या बापाचं होतं. दुसरी, त्याला निजवायचं. तो दोघींच्याही मांडीवर निजला. मंजुळेच्या जिवात जीव आला.

"तिसरी," साळुंकी म्हणाली, "दिवेलागणीला त्याला उचलून उंबऱ्याच्या आत आणा."

सूर्य बुडाला आणि सोनबा कमरेपासून खाली काळा दगड झाला.

"रोजच होतं," सोनबा मंजुळेला समजावल्याच्या सुरात म्हणाला. "आई उचलते."

मंजुळेनं जोर लावला. दगड तसूभर हलेना. येसूनं पदर खोचला, पोराला कडेवर घेतलं आणि उंबरा ओलांडला. तिच्या कमरेवर जुने काळेनिळे वळ होते.

मंजुळेची नजर सोनबाच्या करदोट्याखाली गेली. तिथं तिच्या केसाची गाठ अजून तशीच होती. त्या राज्याची रीत अशी, की देणारीनं मुलाचा करदोटा आपल्या हातानं सोडायचा आणि घेणारीनं नवा बांधायचा. मंजुळेनं पंचांदेखत करदोटा सोडला होता. पण त्याआधी, जादूगारानं शिकवल्याप्रमाणे, मुलाच्या कमरेला स्वतःच्या एका केसाची गाठ मारून ठेवली होती. गाठ असेतो मूल दुसरीचं होणार नव्हतं. त्याची किंमत कोण मोजणार, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

लाजेनं तिला मान वर करवेना. तशीच, खाली बघत, तिनं भरल्या दरबारात सगळं सांगितलं.

साळुंकीनं पंख झाडले. "मग देणं पुरं झालंच नाही. रीतीप्रमाणे मूल तुझं. घेऊन जा."

येसू रडली नाही. तिनं सोनबाला हलकेच मंजुळेपुढे ठेवलं. "न्या बाई. फक्त रात्री त्याच्या पायांवर घोंगडी घाला. दगड फार गार पडतो."

मंजुळेला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ती गुडघ्यांवर बसली. गाठ बारीक होती, पण जिनं मारली तिच्याच हातानं सुटणारी ती गाठ अखेर सुटली. दगडाला ऊब आली, पाय हलले, आणि सोनबा धावत जाऊन येसूला बिलगला.

"आता दिला," मंजुळा म्हणाली.

येसूनं नवा करदोटा काढला आणि एक टोक तिच्यापुढे केलं. "धरा एवढं. माझ्या एकटीच्यानं बांधवणार नाही आज."

मंजुळेनं टोक धरलं. येसूनं गाठ मारली, आणि मग मंजुळेनं ते सोडून दिलं.