कोरड्या चिंधीवरचे भुंगेरे

एका वृद्ध गुरूंच्या मळ्यात राहणारा एक शिष्य एकदा तीन दिवस नीट जेवला नाही. घरून निरोप आला होता की थोरला भाऊ अंथरुणाला खिळला आहे आणि सारखा दाराकडे पाहतो आहे. पण शिष्य काही हलेना. सहा वर्षांपूर्वी, आईच्या तेराव्याला, भाऊ चारचौघांत म्हणाला होता, "पाहुण्यासारखा आलास, पाहुण्यासारखाच जा." ते वाक्य त्याने इतक्यांदा सांगितले होते, की स्वयंपाकाच्या बाईच भांडी घासताना त्याच्या आधी म्हणून टाकत.

गुरूंनी उपदेश केला नाही. त्यांनी वेलीवरची कडू काकडी तोडली, टोक कापून कडूपणा काढायला आपण घासतो तसे घासले आणि वर आलेला फेस फेकून न देता एका कोरड्या चिंधीला पुसला. ती चिंधी काठीला बांधून त्यांनी वेलींच्या मधोमध रोवली.

"हे कशासाठी?" शिष्याने विचारले.

"दुपारी ये. बोलू नकोस, नुसते ऐक."

दुपारी वारा पडला होता, पाखरूही बोलत नव्हते. तरी कुठेतरी बारीक करकर चालली होती. शिष्य जवळ गेला आणि त्याच्या अंगावर काटा आला. चिंधी तांबड्या भुंगेऱ्यांनी झाकून गेली होती. शेजारी कोवळी पाने होती, तिकडे एकही फिरकत नव्हता. सगळे सुके कापड कुरतडत होते. त्याने बोट लावले. कोणी उडाले नाही. एकाला चिमटीत उचलले, तर हवेतही त्याचे तोंड चालूच. एवढ्यात काठीवरून एक कोळी उतरला आणि कडेचा एक घेऊन गेला. बाकीचे खातच राहिले.

"इतकी भूक?"

"भूक नव्हे, बाळ," गुरू सावकाश म्हणाले. "ज्या कडवटपणामुळे गुरे वेलीला तोंड लावत नाहीत, तोच या किड्याला बोलावतो. एकदा तोंडाला लागला की तोंड थांबत नाही. चिंधीत पोषण नाही हे कळायला आधी थांबावे तर लागेल ना."

"मला तो म्हणाला होता..." शिष्य सुरू झाला.

"वाक्य मला पाठ आहे. भाऊ दिसतो कसा, ते सांग."

शिष्याने डोळे मिटले. चेहरा आठवेना. नुसते हलणारे एक तोंड दिसत होते.

त्याने वहाणा चढवल्या आणि गावाची वाट धरली. मळा मागे पडला तरी ती करकर ऐकू येत होती. तेव्हा त्याने हळूच आपल्याच ओठांवर हात ठेवून पाहिला.